हॉलंडहून परतलेले स्कॉटिश वकील

सतराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये कायद्याच्या उच्च शिक्षणाची धड सोय नव्हती. होतकरू वकील मग हॉलंड गाठत. लायडन, उट्रेख्टला रोमन कायदा शिकत. तिथेच ग्रोशियस आणि पुफेनडॉर्फ यांच्या ग्रंथांशी त्यांची गाठ पडे. माणसांची परस्पर कर्तव्ये केवळ बुद्धीच्या आधारे उलगडता येतात, हा या प्रोटेस्टंट पंडितांचा दावा. यालाच नैसर्गिक कायदा म्हणत. परतणाऱ्या वकिलांबरोबर हा विचार स्कॉटलंडला पोहोचला. १७०७ मध्ये एडिंबरा विद्यापीठात नैसर्गिक कायद्याचे अध्यासन निघाले. गंमत म्हणजे पहिले प्राध्यापक चार्ल्स अर्स्किन नेमणुकीनंतर स्वतःच हॉलंडला शिकायला गेले! ग्लासगोत गर्शम कारमायकेल यांनी पुफेनडॉर्फचे छोटेखानी पाठ्यपुस्तक सटीप छापले. त्यांच्या अध्यासनावर पुढे आले फ्रान्सिस हचिसन, आणि हचिसन यांचे विद्यार्थी ॲडम स्मिथ.