तीन महिने संपले, लायसन्स कुठे आहे?

हेल्मेट नव्हतं, ई-चलान आलं, मोबाइलवरून पैसे भरले, विषय संपला. बहुतेकांचा हिशेब असा असतो, आणि दंडापुरता तो बरोबरही आहे. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून काही गुन्ह्यांत दंड हा एक मामला आणि लायसन्स हा दुसरा. कलम २०० म्हणतं की तडजोडीची रक्कम भरली तरी लायसन्सवरची कारवाई टळत नाही. उलट तो गुन्हा पहिला म्हणून नावावर मोजला जातो. दुसऱ्यांदा सापडलात की त्याच नोंदीच्या आधारे लायसन्स थेट रद्द होऊ शकतं.

कोणी काढून घेतलं?

पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आरटीओला (कलम १९) आणि न्यायालयाला (कलम २० ते २२) आहे. वाहतूक पोलिसाला तो नाही. पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतो, इतकंच. तेव्हा 'साहेब, सोडा ना' हे चौकात म्हणण्याला लायसन्स पुढे गेल्यावर काही अर्थ उरत नाही.

कोणत्या गुन्ह्यांत ते पुढे जातं, याची यादी कलम २०६(४) मध्ये आहे: अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, रस्त्यावर शर्यत, धोकादायक अवस्थेतली गाडी, दुचाकीवर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं. यातलं 'धोकादायक ड्रायव्हिंग' वाटतं तेवढं भयंकर असण्याची गरज नाही. सिग्नल तोडणं, राँग साइडने येणं, चालवताना हातात मोबाइल धरणं हे सगळं त्यात येतं.

जप्त करताना पोलीस पोचपावती देतो. ती दाखवून गाडी चालवता येते असा समज आहे, तो इथे चुकीचा आहे. चालक समन्स टाळेल अशा शंकेने लायसन्स घेतलं असेल, तर पावतीवर गाडी चालवता येते. वरच्या यादीतल्या गुन्ह्यांत मात्र कायद्याने स्पष्ट सांगितलं आहे की पावती म्हणजे परवानगी नव्हे.

निलंबन वेगळं, रद्द होणं वेगळं

अशा प्रकारे आलेल्या प्रकरणात आरटीओ पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द, आणि नाव जाहीर करण्याचीही मुभा. निलंबित लायसन्स तुमचंच असतं, मुदतीनंतर परत मिळतं. रद्द झालेलं परत मिळत नाही, नवं काढावं लागतं: आधी शिकाऊ, मग किमान तीस दिवस थांबणं, मग पक्क्याची चाचणी. 'रद्द झालेलं चालू करून देतो' असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. चालू करायला तिथे काही शिल्लकच नसतं.

नोटीस आली की

लायसन्स वाचण्याची खरी संधी इथेच असते, आणि बहुतेक लोक ती इथेच घालवतात. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय आरटीओला आदेश काढता येत नाही. म्हणून आधी कारणे दाखवा नोटीस येते. अडचण अशी की ती लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. दोन घरं बदलून झाली आणि लायसन्सवर अजून गावाचा पत्ता, ही घरोघरची गोष्ट आहे. पत्ता आणि मोबाइल नंबर सारथी पोर्टलवर आधीच बदलून ठेवलेला बरा.

नोटीस हातात पडली की चलानचा फोटो उघडून नीट पाहा. गाडी कोणाची आहे ते तर कळतंच, चालवतंय कोण ते बघायचं. ई-चलान नंबर प्लेटवरून गाडीमालकाच्या नावे निघतं, पण अपात्र ठरतो तो चालक. भावाने स्कूटर नेली आणि लायसन्स तुमचं अडकलं, असं झालं असेल तर लेखी उत्तरात तसं सांगा, पुरावा जोडा. समाधान झालं तर अधिकारी तुम्हाला मोकळं करू शकतो, ती तरतूद कलमातच आहे. उत्तर तोंडी देऊ नये. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. पुढे अपिलात जायची वेळ आली तर तो शिक्काच उपयोगी पडतो.

आणखी एक मुद्दा फारसा कोणी मांडत नाही. आदेश लायसन्सवरच्या सगळ्या वाहनवर्गांसाठी काढावा लागतो असं नाही, एखाद्या वर्गापुरताही काढता येतो. रिक्षा चालवून घर चालवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी मुलीला सोडायला बिनहेल्मेट स्कूटरवर निघाला आणि सापडला, तर बंदी दुचाकीपुरती ठेवा अशी विनंती त्याने जरूर करावी. ती मान्य करायची की नाही हे अधिकाऱ्याच्या हातात आहे. पण मागितलंच नाही तर मिळणारच नाही.

आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. तीस दिवस आदेश मिळाल्यापासून मोजतात, म्हणून टपालाचं पाकीट फेकू नये. बंदी लांब मुदतीची असेल तर कलम २३ ची वेगळी वाट आहे. आदेशाला सहा महिने झाल्यावर ज्याने तो काढला त्याच्याकडेच बंदी उठवण्याचा किंवा कमी करण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला गेला तर पुढचा अर्ज तीन महिन्यांनंतर.

प्रकरण कोर्टात असेल तर

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली की न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचं असतं. रक्तातल्या मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, त्यामुळे 'दोनच पेग घेतले होते' या बचावावर कोणी विसंबू नये. वरच्या न्यायालयात अपील केलं म्हणून बंदी आपोआप थांबत नाही, त्यासाठी त्या न्यायालयाचा वेगळा आदेश लागतो. धोकादायक ड्रायव्हिंगची आधी शिक्षा झालेल्या चालकाच्या हातून पुन्हा मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडली आणि न्यायालयाने लायसन्स निलंबित केलं, तर मुदत संपल्यावर ड्रायव्हिंगची चाचणी नव्याने पास व्हावी लागते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही द्यावं लागतं.

परत घेताना

तीन महिने संपले म्हणजे लायसन्स आपोआप खिशात आलं, असं होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अट घातली आहे की आरटीओने निलंबित केलेलं लायसन्स चालकाचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच परत द्यायचं, आणि तो मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून किंवा अधिसूचित संस्थेतून करायचा. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यापेक्षा निलंबनाच्या काळातच तो उरकून घ्यावा. मग प्रमाणपत्र, आदेशाची प्रत आणि अर्ज घेऊन, ज्या कार्यालयाने आदेश काढला तिथे जायचं. कार्ड हातात आलं तरी सारथीवर लायसन्सची स्थिती तपासून मगच गाडी बाहेर काढा. हल्ली पडताळणी मशीनवर होते. तिथे 'निलंबित' दिसत असेल तर हातातलं कार्ड कामाचं नाही.

मधल्या काळात

या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खरं भय मात्र विम्याचं आहे. अपात्रतेच्या काळात अपघात झाला तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्याचा आधार मिळतो. अशा वादांत न्यायाधिकरणं अनेकदा कंपनीला जखमीचे पैसे आधी भरायला आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगतात. म्हणजे लाखोंची भरपाई शेवटी मालकाच्या डोक्यावर.

जमा केलेलं लायसन्स हरवलं म्हणून डुप्लिकेट काढायचा सल्ला कोणी देईल. तो ऐकू नका. खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवणं हे लायसन्स रद्द करण्याचं स्वतंत्र कारण आहे.

निलंबनाच्या काळात लायसन्सची मूळ मुदतही संपत असेल तर तारीख लिहून ठेवा. मुदत संपून एक वर्ष उलटलं की साधं नूतनीकरण होत नाही, चाचणी द्यावी लागते.