‘मी’ की ‘आम्ही’ : बाप्तिस्मा, विवाहाची वैधता आणि पवित्रकारक कृपा

६ ऑगस्ट २०२० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने एका प्रश्नाचे थोडक्यात उत्तर प्रसिद्ध केले. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ याऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हणून दिलेला बाप्तिस्मा वैध असतो काय? उत्तर होते, ‘नाही’. अमेरिकेतील डेट्रॉइट महाधर्मप्रांताचे तरुण धर्मगुरू फादर मॅथ्यू हूड यांना हे उत्तर समजले, तेव्हा त्यांना स्वतःच्या बाप्तिस्म्याची घरातील चित्रफीत आठवली. १९९० साली त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या डीकनने ‘आम्ही’ हाच शब्द वापरला होता.

बाप्तिस्मा हे इतर सर्व संस्कारांचे द्वार आहे. ते द्वारच उघडले नव्हते, म्हणून त्यांचे दृढीकरण आणि २०१७ सालची गुरुदीक्षा हीदेखील वैध ठरत नव्हती. फादर हूड यांनी त्याच महिन्यात बाप्तिस्मा स्वीकारला आणि १७ ऑगस्ट रोजी त्यांना गुरुदीक्षा देण्यात आली. परंतु मधल्या तीन वर्षांत त्यांनी मिस्सा अर्पण केल्या होत्या, पापनिवेदने ऐकली होती, विवाह लावले होते. त्या सर्वांचे काय?

हा प्रश्न दूरच्या एका धर्मप्रांताचा असला, तरी त्यातून ख्रिस्तसभेची एक महत्त्वाची शिकवण आपल्याला समजून घेता येते. संस्काराची वैधता आणि आत्म्यातील कृपा यांचा एकमेकांशी घनिष्ठ संबंध आहे, मात्र त्या दोन गोष्टी एकच नव्हेत.

एका शब्दाला एवढे महत्त्व का?

बाप्तिस्मा देणारी व्यक्ती स्वतःच्या वा जमलेल्या समुदायाच्या नावे तो देत नसते. तिच्याद्वारे प्रभू ख्रिस्तच बाप्तिस्मा देत असतो. म्हणून संस्काराचे मूळ शब्द बदलण्याचा अधिकार कोणत्याही धर्मगुरूला नाही. याच शिकवणीची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. निकडीच्या प्रसंगी, ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरून, पाणी आणि त्रैक्याचे योग्य शब्द वापरून कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. मग ती परिचारिका असो, वा स्वतः बाप्तिस्मा न घेतलेली व्यक्ती असो. त्यामुळेच फादर हूड यांनी दिलेले बाप्तिस्मे वैधच राहिले. त्यांनी दिलेली पापक्षमा आणि अर्पण केलेल्या मिस्सा मात्र संस्कार म्हणून वैध नव्हत्या, कारण त्यासाठी गुरुदीक्षा अनिवार्य आहे.

विवाह कशाने होतो?

वधू-वरांच्या मुक्त संमतीने विवाह घडतो, असे १९८३ च्या धर्मनियमसंहितेचे कलम १०५७ सांगते. लॅटिन परंपरेत वधू-वर स्वतःच एकमेकांना हा संस्कार देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने ती संमती विचारतात व स्वीकारतात. परंतु चोरून केलेल्या विवाहांतून होणारे अन्याय रोखण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरू आणि साक्षीदार यांची उपस्थिती वैधतेसाठी आवश्यक केली. आजही अधिकृत धर्मसेवक व दोन साक्षीदार यांच्यासमोर विवाह होणे हा कॅथोलिकांसाठी सर्वसाधारण नियम आहे. म्हणूनच ज्यांचे विवाह फादर हूड यांनी लावले होते, त्यांना महाधर्मप्रांताने संपर्क साधण्यास सांगितले.

येथे बाप्तिस्म्याचा आणखी एक संबंध लक्षात घ्यावा. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा वैध विवाह हा आपोआपच संस्कार असतो. कॅथोलिक व्यक्ती आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या विवाहाला कलम १०८६ नुसार बाधा येते. बिशपांनी या बाधेतून सूट दिल्यास विवाह पूर्णपणे वैध होतो, पण तो संस्कार नसतो. आपल्याकडे अनेक कुटुंबांत पती वा पत्नी हिंदू वा अन्य धर्मीय आहे. अशी परवानगी घेऊन झालेला त्यांचा विवाह ‘अर्धा’ किंवा कमी प्रतीचा समजणे चुकीचे आहे. पुढे त्या जोडीदाराने बाप्तिस्मा स्वीकारला, तर पुन्हा लग्न लावावे लागत नाही. शास्त्रकारांच्या सर्वसाधारण मतानुसार, तोच विवाह त्या क्षणी संस्कार बनतो.

काही त्रुटीमुळे विवाह अवैध ठरला, तरी तो दुरुस्त करण्याचे मार्ग ख्रिस्तसभेने दिले आहेत. बाधा दूर झाल्यावर दांपत्य नव्याने संमती देऊ शकते. काही प्रसंगी दोघांची संमती टिकून असल्यास बिशप ती पुन्हा न मागता विवाह मुळापासून वैध करतात. तसेच अवैध ठरलेला विवाह निदान एकाने तरी प्रामाणिक समजुतीने केलेला असेल, तर त्यातून जन्मलेली मुले औरसच मानली जातात.

मग कृपेचे काय?

बाप्तिस्म्याने आपल्या आत्म्यात देवाचे स्वतःचे जीवन ओतले जाते. त्यालाच पवित्रकारक कृपा म्हणतात. प्राणघातक पापाने ती गमावली जाते आणि प्रायश्चित्त संस्काराने पुन्हा लाभते. आता दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणावेत.

पहिल्या प्रसंगी वधू-वर प्राणघातक पापात असताना वेदीसमोर उभे राहतात. त्यांचा विवाह वैध होतो, बंधन अतूट ठरते, परंतु संस्काराची कृपा त्यांच्या जीवनात फळ देत नाही. पश्चात्तापाने अडसर दूर झाला की ती फळ देऊ लागते. लग्नापूर्वी पापनिवेदन करण्याचा आग्रह धर्मगुरू धरतात, तो याचसाठी.

दुसऱ्या प्रसंगी एखादी माता भक्तिभावाने पापनिवेदन करते, पण समोरच्या धर्मगुरूची गुरुदीक्षा वैध नव्हती हे तिला ठाऊकही नसते. ती रिकाम्या हाती परतली काय? मुळीच नाही. देवाने तारण संस्कारांशी जोडले आहे, तरी तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम परिच्छेद १२५७ मध्ये शिकवतो. डेट्रॉइटच्या आर्चबिशपांनीही आपल्या भाविकांना हाच धीर दिला होता.

मग वैधतेची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. कारण संस्कार ही देवाने आपल्याला दिलेली खात्री आहे. देव दयाळू आहे म्हणून ती खात्री बेफिकिरीने हाताळणे योग्य नव्हे. आणि एखादी त्रुटी नकळत राहून गेली, म्हणून देवाने आपल्याला टाकले असे मानणेही योग्य नव्हे.

आपण काय करावे?

विवाह ठरताच बाप्तिस्म्याचा नवा दाखला आपल्या मूळ धर्मग्रामातून मिळवावा. केवळ नोंदणी कार्यालयात विवाह झाला असेल, मिश्रविवाहाची परवानगी घेतली नसेल किंवा बाप्तिस्म्याविषयी शंका असेल, तर मनात भीती न बाळगता आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. शंकेच्या वेळी कायदा विवाहाच्या बाजूनेच उभा राहतो, असे कलम १०६० सांगते. अनेक दांपत्ये वर्षानुवर्षे ख्रिस्तशरीरापासून दूर राहतात, लाजेने कोणाला विचारतही नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांचा प्रश्न धर्मगुरूंच्या एका भेटीने सुटण्याच्या मार्गाला लागू शकतो. आपल्या शेजारी, आपल्या नात्यात असे कोणी असेल, तर त्यांना हे प्रेमाने सांगावे.