जमीन-खरेदी व विकसनात मोजणीचे स्थान

महाराष्ट्रात जमीन खरेदी करताना सातबारा उतारा हाच बहुधा निर्णायक पुरावा मानला जातो. वस्तुतः त्यावरून गट क्रमांक, धारकाचे नाव, क्षेत्र व नोंदविलेले बोजे समजतात. जमीन प्रत्यक्षात कोठून सुरू होऊन कोठे संपते, हे समजत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी लागते. मूळ अभिलेखाशी ताडून हद्दीच्या खुणा दाखविल्या जातात व नकाशाची ‘क’ प्रत अर्जदारास मिळते. 100 मीटर लांबीचा बांध 1 मीटर आत सरकला, तर 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन हातची जाते. उताऱ्यावरील आकडा मात्र तसाच राहतो.

सामाईक गटातील हिस्सा घेणाऱ्याची अवस्था अधिक बिकट. क्षेत्र त्याच्या नावे लागते; परंतु पोटहिस्सा मोजून नकाशावर उतरल्याशिवाय रस्त्यालगतचा भाग कोणाचा, हे ठरत नाही. (विक्रेता दाखवितो तो तुकडा बहुधा रस्त्यालगतचाच असतो!) विकसकाची अनुज्ञेय बांधकामाची व सामासिक अंतरांची गणितेही मोजलेल्या भूखंडावरच उभी असतात. मोजणीचा अर्ज धारकाने करावयाचा असल्याने, खरेदीखतापूर्वी विक्रेत्याने ती करून द्यावी, अशी अट इसारपावतीतच असणे इष्ट. लगतच्या धारकांना रीतसर नोटीस गेली होती काय, हेही तेव्हाच पाहता येते.