औषधाच्या जोरावर पळणारी सायकल

पावसाळ्याच्या दिवसांत वाढवण, वरोरपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर गेलात, तर यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागून स्वस्थ पडलेल्या दिसतात. या दिवसांत मासळी अंडी घालते, म्हणून जून-जुलैत मासेमारीला सरकारची बंदी असते. नाखवा ओटीवर बसून जाळी सांधतो आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतो.

अशाच एका ओटीवर आजोबा जाळी सांधत होते. कॉलेजात जाणारा नातू शेजारी बसून मोबाइलवर फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत बघत होता. बोलता बोलता तो म्हणाला, "आजोबा, पूर्वी या शर्यतीत लोक औषधं टोचून घेऊन पळायचे म्हणे. आता सापडला तर चार वर्षांची बंदी आहे. मग कोण कशाला घेईल?"

आजोबा हसले. म्हणाले, "अरे, बंदी आपल्याकडं पण आहे. पण चोरून दर्यावर जाणारा दंड किती ते आधी विचारत नाही. गस्तीची बोट कुठं आहे ते विचारतो."

वाचकहो, खेळातल्या औषधबाजीचे सारे मर्म आजोबांच्या या दोन वाक्यांत आहे. ते कसे, ते पाहू.

डोंगरावरचा मृत्यू

फ्रान्सची ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. सुमारे तीन आठवडे, तीन हजारांहून अधिक किलोमीटर, त्यात उंच डोंगरांचे घाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला आपण 'घाटाचा राजा' म्हणतो. तिथे असे घाट दिवसाला तीन-तीन, चार-चार असतात. माणसाचे शरीर दमते आणि मन आधार शोधू लागते.

१३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्पसन हा इंग्लंडचा नामांकित सायकलपटू रणरणत्या उन्हात व्हाँतू नावाचा डोंगर चढताना कोसळला आणि मरण पावला. वय अवघे २९. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडले. या औषधाने थकवा जात नाही, थकवा कळेनासा होतो. थकलेला बैल बसतो म्हणून वाचतो. ज्याला थकवा कळतच नाही, तो मरेपर्यंत ओढत राहतो.

पुढे औषधे बदलली. मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त वाढावे म्हणून 'ईपीओ' नावाचे इंजेक्शन निघाले. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो आणि दम टिकतो. रोग्याला जीवदान देणारे हे औषध धडधाकट सायकलपटू टोचून घेऊ लागले. पण पेशी फार वाढल्या की रक्त दाट होते आणि गुठळी होऊन हृदय बंद पडण्याचा धोका असतो. आणि २००० सालापर्यंत हे औषध ओळखणारी चाचणीच नव्हती! म्हणजे बंदी कागदावर होती, गस्तीची बोट मात्र नव्हती.

सात वेळा जिंकला, सातही गेले

अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग कर्करोगातून बरा झाला आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे ही शर्यत जिंकला. सारे जग त्याला डोक्यावर घेऊन नाचले. त्याच्या कितीतरी तपासण्या झाल्या, पण तो अडकला नाही. ईपीओची चाचणी आली, तशी त्याच्या संघाने दुसरी वाट काढली. आपलेच रक्त आधी काढून साठवायचे आणि शर्यतीच्या वेळी पुन्हा शरीरात भरायचे.

मग तो सापडला कसा? त्याच्याच जुन्या सोबत्यांनी शपथेवर खरे सांगितले म्हणून. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली आणि त्याच्यावर जन्मभराची बंदी आली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरदर्शनच्या मुलाखतीत सारे कबूल केले. त्या सात वर्षांच्या विजेत्याची जागा आज रिकामी आहे. दुसऱ्या कोणाला ती दिलेली नाही. बाटलीतल्या तपासणीला जे जमले नाही, ते माणसांच्या तोंडून निघालेल्या सत्याने केले.

त्याआधीच, २००८ सालापासून, सायकलच्या खेळात प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली होती. औषध सापडले नाही, तरी रक्तातला अकस्मात बदल लपत नाही. रोजच्या दुधाची नोंद ठेवणाऱ्या घरात पाणी कोणत्या दिवशी पडले ते कळते, तसेच हे.

आपल्या आखाड्यापर्यंत

हे लांबचे म्हणून सोडून देऊ नका. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला. जाण्याआधी झालेल्या तपासणीत त्याच्या शरीरात स्नायू वाढवणारे बंदी घातलेले स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. देशातल्या मंडळाने ते मानले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाला पुरावा पुरेसा वाटला नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली आणि मल्ल आखाड्यात न उतरताच परतला.

यातून एक नियम ध्यानात ठेवावा. शरीरात जे सापडेल, त्याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो. 'मला ठाऊक नव्हते' एवढे म्हणून सुटका होत नाही.

पूर्वी पहिल्या गुन्ह्याला साधारण दोन वर्षांची बंदी असे. २०१५ पासून जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला ती चार वर्षांची झाली. शिक्षा दुप्पट झाली, मग चोरी निम्मी झाली का? २०२४ साली आपल्या देशात ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० नमुन्यांत बंदी घातलेली द्रव्ये सापडली. जर्मनी आणि चीन यांनी याच्या दुपटीहून जास्त नमुने तपासले, पण तिथे सापडलेले शंभराच्या आत होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत राज्य पातळीवरच्या धावण्याच्या स्पर्धा चालू होत्या. मैदानाच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या आणि तपासणीची माणसे आल्याची बातमी पसरली. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला! बंदीचा नियम त्या दिवशी नवा आला नव्हता. तो सर्वांना वर्षानुवर्षे पाठ होता. नवे एवढेच घडले, की गस्तीची बोट धक्क्याला लागली.

आपण काय करावे?

म्हणून बंदी व्यर्थ आहे असे नाही. बंदी म्हणजे कुंपण. पण नुसत्या कुंपणाने पीक राखले जात नाही, राखण करणारा माणूसही लागतो. आणि मैदानावरचा राखणदार येण्याच्या कितीतरी आधी घरचा राखणदार जागा असला पाहिजे.

आज गावोगावची मुले-मुली कबड्डी, कुस्ती, धावणे, भरतीची तयारी यांत उतरली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. आईवडिलांनी मात्र थोडे लक्ष ठेवावे. कोणी 'महिन्यात अंग भरते' म्हणून डबा किंवा सुई देत असेल, तर ती घेऊ देऊ नये. स्टेरॉइडने यकृत आणि हृदय बिघडते, मुलांचे बीज क्षीण होते, मुलींचा आवाज घोगरा होतो आणि चेहऱ्यावर केस येतात. डब्यावर लिहिलेले नसले, तरी आत काय मिसळले आहे याची हमी नसते. आजारपणात औषध घ्यावेच, पण मूल स्पर्धेत खेळते हे डॉक्टरांना आधी सांगावे. गरजेच्या औषधासाठी रीतसर परवानगी मागण्याची सोयही आहे.

आणि एक. मूल हरून आले, तर घरात सुतक धरू नका. हरण्याची लाज जिथे फार, तिथे सुईची वाट जवळची वाटते.

ओटीवरच्या नातवाने शेवटी विचारले, "आजोबा, तुम्ही कधी बंदीत चोरून गेलात का?" आजोबांनी जाळ्याची गाठ आवळली. "नाही गेलो. एक तर अंड्याची मासळी मारली, तर पुढल्या वर्षी खाणार काय? आणि दुसरं, गस्तीची बोट चुकवता येते रे, पण धक्क्यावर टोपली उतरताना सारा गाव बघतो."