पाखरांना मोकळे रान, कातकऱ्याला कुंपण?

शहापूर-मुरबाडमध्ये मुंबई-ठाण्याच्या पैसेवाल्यांनी जमिनी घेतल्या, ही गोष्ट जुनी झाली. बहुतेकांनी फार्महाऊस बांधली, प्लॉट पाडले. पण काही जमीनमालक वेगळे निघतात. ते झाडे तोडत नाहीत, वणवा विझवतात, पाणी अडवतात, ऐन-मोह वाढू देतात. भेकर, बिबट्या अशा रानात आसरा घेतात. तानसा अभयारण्यात २०१४ साली दुर्मिळ रानपिंगळा आढळला. पाखरांना अभयारण्याची हद्द कळत नाही, त्यांना बाहेरचेही झाड लागते. तेव्हा हे काम चांगले आहे, असे म्हणायला आम्हाला संकोच नाही.

आमचा सवाल पुढचा आहे. कुंपणाच्या आत काय वाचले याची मोजदाद होते. बाहेर कोण राहिले याची कोण करणार? पहिल्या पावसात शेवळं खुडणारी कातकरी बाई, मोहफुले वेचणारा ठाकर यांच्या पायवाटा सातबाऱ्यावर नसतात. कुंपण पडले की त्या एका दिवसात पुसल्या जातात. ज्यांनी रान ओळखून वापरले, तेच मग ‘घुसखोर’ ठरतात!

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जमिनीच्या मालकीतून माणसावर मालकी येते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने सरकारजमा झाली. मालकाच्या जागी खाते आले. रानात राबणारा होता तिथेच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला, पण तो वनजमिनीवर. खासगी कुंपणाशी तो थांबतो.

मग मार्ग नाही का? आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव क्षेत्र’ आले. मालक स्वेच्छेने पुढे आला तर खासगी जमीनही त्यात येते. २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा जमिनीच्या समितीत मालक, वन खाते आणि पंचायत किंवा आदिवासी समुदाय यांचे प्रतिनिधी बसतात. म्हणजे राखीव रानाचा कारभार मालकाने एकट्याने पाहावा, हे कायद्यालाही मान्य नाही.

म्हणून रान राखणाऱ्या मालकांना आमचे सांगणे आहे: गावाची वाट, शेवळं-मोह वेचण्याचा हक्क आणि वणवा विझवणाऱ्याची मजुरी ग्रामसभेपुढे लिहून द्या. आणि आमच्या बांधवांनीही गप्प बसू नये. शेताकडे, चराईकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. मालकाच्या मेहेरबानीवर मिळालेली वाट तो उद्या बंद करील. कागदावर नोंदलेली वाट त्याला सहजी बंद करता येणार नाही.