पंखा फिरतोय, मग वाफ का जात नाही?

इलेक्ट्रिकच्या दुकानात एक्झॉस्ट फॅन मागितला की सल्ला ठरलेला: ‘सहा इंची कशाला, आठ इंची घ्या, जास्त ओढेल.’ जरा हिशेब करू. फ्लॅटमधलं नेहमीचं बाथरूम पाच बाय सात फुटांचं, उंची आठ फूट. आत हवा २८० घनफूट, म्हणजे जेमतेम ८ घनमीटर. तासाला दहा वेळा ती बदलायची तर ताशी ८० घनमीटर पुरे. साध्या सहा इंची पंख्याच्या खोक्यावरही बहुधा याच्या दुपटीहून मोठा आकडा असतो. तरी आरसा धुरकटतोच, कारण तो आकडा हवेला कुठेच अडथळा नसतानाचा आहे.

अडथळा बहुतेक वेळा दाराशी असतो. दार खाली घट्ट टेकलेलं असेल तर बाहेर गेलेल्या हवेच्या जागी दुसरी येणार कुठून? दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट हवी, नाहीतर दारात खालच्या बाजूला जाळी. दार लावून, पंखा चालू करून फटीशी टिश्यू पेपर धरा. तो आत ओढला गेला पाहिजे.

‘मग व्हेंटिलेटर उघडा ठेवतो’ हा त्यावरचा लाडका तोडगा, आणि तोच घात करतो. लूव्हरच्या दोन-तीन काचा काढून तिथे पंखा बसवलेला, बाकीच्या काचा तिरक्या उघड्या. पंखा शेजारच्या फटीतून हवा घेतो आणि तीच पुन्हा डक्टमध्ये फेकतो. शॉवरखालची वाफ जागची हलत नाही. पंखा चालू असताना त्या काचा बंद हव्यात. फॉल्स सीलिंगमधून लांब पाइप न्यायचा असेल तर मात्र साधा पात्यांचा पंखा घेऊच नका, तो पाइपात दमतो. तिथे इनलाइन फॅन लागतो.

आता आवाज. मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज, असं सगळे धरून चालतात. आवाज मुख्यतः वेगाचा असतो. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. म्हणजे आठ इंची घ्यायचाच तर कमी आरपीएमचा घ्या, शांततेसाठी. मिनिटाला १४०० फेऱ्यांचा लोखंडी ‘हेवी ड्यूटी’ पंखा हॉटेलच्या भटारखान्यात शोभतो. बरीचशी घरघर तर पंख्याची नसतेच. पातळ ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चार स्क्रूंनी तो आवळलेला असतो आणि पत्राच थरथरतो. जाड प्लायवूड आणि स्क्रूखाली रबरी वॉशर, एवढ्यानं फरक पडतो. पात्यांवरची ओलसर धूळही तोल बिघडवते. ती पुसायची तर आधी मेन स्विच बंद.

पावसाळ्यात बाहेरच दमट, मग पंखा कशाला? बाहेर २६ अंशांच्या, ९० टक्के आर्द्र हवेत घनमीटरमागे साधारण २२ ग्रॅम वाफ असते. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर आतल्या ३२ अंशांच्या वाफभरल्या हवेत जवळपास ३४. म्हणजे भर पावसातही पंखा कामाचाच, फक्त आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू द्यायचा. बिलाची धास्ती नको: ३० वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला एक युनिट होत नाही.

एक समज मात्र जिवावर बेततो: ‘एक्झॉस्ट आहे, मग आत गॅस गिझर चालेल.’ बंद बाथरूममध्ये गिझरला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. गिझरला धुराडं असलं तरी दार बंद असताना एक्झॉस्ट त्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. शिवाय हा गिझर पेटतो सेलवर. वीज गेली की पंखा थांबतो, ज्योत जळतच राहते. गॅस गिझर बाथरूमबाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत लावायचा. आत यावा फक्त गरम पाण्याचा पाइप.