पोर्टफोलिओत काय ठेवावं, काय गाळावं?

पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी १९५१ साली लंडनमध्ये होते. आधुनिक वास्तुकारांच्या एका परिषदेत त्यांची गाठ विख्यात वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या चंदीगड प्रकल्पाशी पडली. त्यावर काम करायची इच्छा दाखवताच त्यांना स्वहस्ताक्षरात अर्ज पाठवायला सांगण्यात आलं. अर्ज मंजूर झाला, पण पहिले आठ महिने बिनपगारी. फ्रेंच येत नसतानाही ते ल कॉर्बुझिएंच्या पॅरिसमधल्या ऑफिसात गेले. पुढे २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

आता हस्ताक्षरातल्या अर्जाची जागा पोर्टफोलिओच्या पीडीएफने घेतली आहे. बी.आर्क.च्या पाच वर्षांत प्रॅक्टिकल ट्रेनिंग करावंच लागतं. त्यामुळे हंगाम आला की नावाजलेल्या ऑफिसांकडे अर्जांची रीघ लागते आणि एकेका पोर्टफोलिओच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात.

म्हणूनच पहिल्या सेमिस्टरपासूनचं सगळं काम त्यात कोंबू नये. पाच-सहा प्रकल्प पुरतात आणि त्यांतला सर्वांत दमदार प्रकल्प सुरुवातीलाच हवा. चकचकीत थ्रीडी रेंडर आज बहुतेक सगळेच करतात. ऑफिसला पाहायचं असतं ते वेगळंच: जिना सेक्शनमध्ये नीट उतरला आहे का, प्लॅनवर उत्तर दिशा आणि स्केल आहे का, उतारावरच्या जागेत पावसाच्या पाण्याची वाट काढली आहे का. कच्ची स्केचेस आणि फसलेला एखादा पर्यायही जरूर ठेवावा, कारण विचार कुठून कुठे गेला हे त्यातूनच कळतं.

महाराष्ट्रातल्या मुलांकडे एक खास भांडवल असतं. वाईचा वाडा किंवा कोकणातलं चौसोपी घर टेप लावून मोजलेलं असतं, खांब, तुळया, कौलं कागदावर उतरवलेली असतात. ही शीट्स अनेकजण जुनं काम म्हणून गाळून टाकतात. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या ऑफिसला मात्र तीच आधी पाहायची असतात. लँडस्केपच्या ऑफिसला जमिनीचे चढउतार आणि झाडांची निवड पाहायची असते. सगळीकडे एकच फाइल धाडून चालत नाही, ते याचमुळे.

गटाने केलेल्या कामात आपला वाटा कोणता, हे त्याच पानावर स्पष्ट लिहावं. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो. एखाद्या ऑफिसात केलेली ड्रॉइंग्ज दाखवायची असतील, तर त्या ऑफिसची परवानगी आधी घ्यावी.

सोबतचं पत्र आठ-दहा ओळींचं असावं. त्या ऑफिसचं कोणतं काम पाहिलं, त्यातलं काय भावलं, आपण कधीपासून किती महिने येऊ शकतो, एवढं त्यात आलं की झालं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये. साधी, बिनचूक वाक्यं पुरेशी असतात. फाइल ईमेलने सहज जाईल इतकी हलकी हवी आणि तिच्या नावात आपलं नाव हवं.

रुजू होण्यापूर्वी स्टायपेंड, कामाचे तास आणि साइटवर जायला मिळेल का, हे विचारण्यात संकोच नको. निवडीआधी मोठं काम फुकट करून मागितलं, तर नम्रपणे नकार द्यावा. ऑफिसांनीही दोन गोष्टी कराव्यात: ट्रेनींना स्टायपेंड द्यावा आणि ज्यांना घ्यायचं नाही त्यांना निदान एका ओळीत तसं कळवावं.